सक्करदऱ्याचं पांढरं वांगं

नागपूरला गेलेला माणूस येताना संत्री आणतो. मी वांगी आणायला गेलो होतो. कृष्णाकाठची वांगी दारात मिळत असताना सांगलीहून नागपूरला वांग्यासाठी जायचं म्हटल्यावर शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. बायकोनं मात्र पिशवीत दोन मफलर जास्त घातले.

कारण माझी थोरली बहीण, सुमनताई. भावोजींची सगळी नोकरी नागपुरात गेली. निवृत्त झाल्यावर ती दोघं सांगलीत आमच्या शेजारी येऊन राहिली. गेल्या पावसाळ्यात भावोजी गेले, ताईला आम्ही आमच्या घरी आणलं आणि तिनं हळूहळू जेवण सोडलं. आधी रात्रीचं, मग सकाळचं. दिवाळीनंतर अंथरूणही सोडेना. तपासण्या सगळ्या झाल्या, निघालं काहीच नाही. "खाल्लं नाही तर मात्र कठीण आहे," डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून ती आपणहून बोलली, "नागपूरच्या पांढऱ्या वांग्याचं भरीत असतं तर खाल्लं असतं." कुठं मिळतं, कोण विकतं, यावर अक्षर नाही. पण 'खाल्लं असतं' हे शब्द तिच्या तोंडून दोन महिन्यांत पहिल्यांदा आले होते. मी तिकीट काढलं.

धरमपेठ, रविवार

नागपूरची थंडी आमच्याकडच्यासारखी गोड नाही. ती हाडाला जाऊन लागते. मफलरांबद्दल बायकोचे मनोमन आभार मानत मी सकाळी धरमपेठेतल्या शेतकरी बाजारात गेलो. इथं व्यापारी बसत नाहीत. ज्यानं पिकवलं त्यानंच विकायचं, असा नेम आहे. कुणाची शहराबाहेर एकरभर जमीन, कुणाची घराच्या गच्चीवर वाफ्यांची रांग, कुणी मोकळ्या प्लॉटवर पालक लावलेला. बोरं, आंबाडी, कोवळे हरभरे, मातीसकट उपटलेल्या मुळ्याच्या जुड्या. कोथिंबिरीला इथं सांबार म्हणतात आणि ती घासाघीस न करता मूठभर वर टाकतात. आमच्याकडे चार काड्यांसाठी भांडावं लागतं.

बाजाराच्या तोंडाशी तर्री-पोहे खाल्ले. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तिखटाची भीती दाखवू नये, असं मी त्या पोहेवाल्याला म्हटलं होतं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं न मागता वाटीभर कच्चे पोहे पुढे सरकवले आणि मोठ्या मनानं दुसरीकडे पाहिलं.

पांढरं वांगं कुणाकडेच नव्हतं. काळी होती, हिरवी लांबडी होती, जांभळी चकचकीत होती. शेवटच्या रांगेत कमलबाई नावाची पन्नाशीची बाई आंबाडी विकत होती. तिला विचारलं तर तिनं मान वर करून मला नीट पाहिलं.

"पांढरं? सुमनबाईचं वांगं म्हंता का?"

 मी ताईचं नाव काढलंच नव्हतं. ताईबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

"कोण सुमनबाई?" मी विचारलं.

"मले काय माहीत, भाऊ. वांग्याचं नाव हाय ते. मी कुठं पाह्यली तिले." ती पुन्हा जुड्या बांधायला लागली. "बाजारात नाई येत ते. लोकायले काळं पाह्यजे. कन्हानच्या वाडीत श्यामराव काकाजीनं लावलं होतं एक साल. तिथं पाहून घ्या."

सुमन नावाच्या बायका नागपुरात ढिगानं असतील, असं स्वतःला बजावत मी दुपारी सक्करदऱ्याला ताईच्या जुन्या घराकडे जाऊन आलो. घर नव्हतंच. तिथं सात मजली इमारत उभी होती आणि वॉचमनला त्याआधी तिथं काय होतं ते ठाऊक नव्हतं.

कन्हान, सोमवार

कन्हान नदीत हिवाळ्यात पाणी एका कडेला सरकतं आणि उरलेल्या वाळूत लोक शेती करतात. टरबूज, डांगर म्हणजे खरबूज, काकडी. वाळूत हातभर खड्डे, खड्ड्यात शेणखत, खतात बी. आमची कृष्णा अशी अंगावर शेती करू देत नाही, तिचं सगळं काठावर.

सकाळी आठला मी पात्रात उतरलो तेव्हा धुकं एवढं होतं की स्वतःचे बूटसुद्धा पुसट दिसत होते. पावलांचा आवाज वाळू गिळून टाकत होती. थोडं चालल्यावर धोतर आणि कोट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा दिसला. मी हाक मारली, "काकाजी, श्यामरावांची वाडी कुठली?"

तो सावकाश वळला. अगदी माणूस वळतो तसा, आधी थोडं थांबून. आणि कोटाच्या गळ्यावर तोंड नव्हतं.

मी ओरडलो, हे मान्य करतो. नुसतं ओरडलोच नाही, तर मागे सरताना एका खड्ड्यात पाय जाऊन शेणखतात बसलो. धुक्यातून हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग खरा माणूस, सत्तरीचा, कानटोपी घातलेला.

"त्याले काय पुसता भाऊ, मले पुसा. मी श्यामराव. तो माह्या साळा."

"कुठाय तुमचा मेव्हणा?"

"हा काय उभा." त्यांनी त्या कोटाच्या बाहीला हात लावला, ओळखीच्या माणसाच्या दंडाला लावतात तसा. "डांगराचं बीज त्यानं देल्लं. ज्याचं बीज त्याचं कापड. कोट त्याच्याच अंगचा हाय."

"वारले का ते?"

"काहून? भंडाऱ्याले राह्यते. मजेत हाय. परवाच फोन आला."

मग त्यांनी मला पद्धत समजावली. बुजगावण्याची काठी जमिनीत पुरायची नाही, पाइपाच्या तुकड्यात सैल उभी करायची. वारा आला की ती आपोआप फिरते. तोंड म्हणून मडकं ठेवायचं नाही, कारण रंगवलेलं तोंड पाखरं दोन दिवसांत ओळखतात. आणि कापड नवं नको, अंगावर वापरलेलं हवं. माणसाचा वास पाखरांना आणि डुकरांनाही कळतो.

आता धुकं पातळ होत होतं आणि एकेक जण दिसू लागला होता. शर्ट, पोलक्यावर पदर, शाळेच्या शिपायाचा खाकी सदरा. वाळूत पंधरा-वीस माणसं उभी होती आणि वारा सुटला की सगळी मिळून एकाच दिशेला वळत होती. एकदा ती सगळी माझ्याकडे वळली. मी श्यामरावांच्या जरा जवळ सरकलो.

"सुमनबाईचं वांगं?" ते म्हणाले. "वाळूत नाई टिकलं. बीज मी सक्करदऱ्याहून आनलं होतं, तलावाच्या मागं बायायची बाग हाय, मंदाबाईकडून. सुमनबाई तिथं उभी हाय."

ते अगदी सहज बोलले. परतीच्या वाटेवर मी तेच एक वाक्य घोळवत होतो.

सक्करदरा, मंगळवार

तलावाच्या मागच्या अंगाला, इमारतींच्या मधोमध, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी ती बाग आहे. एके काळी तिथं कचरा पडायचा. शेजारपाजारच्या बायकांनी तो उपसून वाफे केले. आता वीसेक घरं तिथं भाजी लावतात आणि उरलेली फाटकाशीच विकतात. चुका, मेथी, वाल, दुधीचा मांडव. तारेच्या कुंपणातून आत पाहिलं तेव्हा सकाळचं धुकं तलावावरून उठून वाफ्यांत आलं होतं.

आणि ताई उभी होती.

पाठमोरी, मोरपंखी इरकल नेसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला. मागच्या काठाजवळ जळल्याचा डाग होता आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याची शिवण. तो डाग माझा. चार वर्षांपूर्वी ताईची साडी इस्त्री करायला घेतली आणि फोनवर बोलत बसलो. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून ताईनं पिवळ्यानं शिवलं आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून माझी फजिती केली. जी बहीण सांगलीत अंथरुणावर होती, ती इथं वांग्यांच्या वाफ्यात ताठ उभी होती.  मला वाटलं, तिकडे काही झालं. मी तिथूनच बायकोला फोन लावला.

"निजल्यात," बायको म्हणाली. "चमचाभर पेज घेतली. का हो, धाप कसली लागलीय?"

एवढ्यात वारा आला. साडी सावकाश वळली आणि पदराच्या आत काही नव्हतं. खांद्यावर कापड विरून सुतासुतानं लोंबत होतं. त्यातून काठी दिसत होती.

मंदाबाई फाटक उघडून आल्या. साठीच्या, उंच, हातात विळा. पलीकडच्या मैत्रिणीला त्यांनी "जय भीम" घातला आणि माझ्याकडे वळल्या. मी सुमनताईचा धाकटा भाऊ, हे ऐकताच त्यांनी विळा खाली ठेवला.

"सुमनबाई बऱ्या हायेत ना?"

"ठणठणीत," मी म्हणालो. का खोटं बोललो, देव जाणे. त्या साडीसमोर खरं बोलण्याचं धाडस झालं नाही.

"मंग कापड काहून नाई धाडलं? दर दोन सालानं पार्सल येत होतं. मागच्या साली आलंच नाई. फोन लावला तं तो नंबर बंद."

तो नंबर भावोजींचा होता. आणि पार्सल पोस्टात टाकणारा मीच. दोनदा की तीनदा, जुन्या साडीचं पुडकं. ताई कुठल्याशा आश्रमाला कपडे देते, अशी माझी समजूत होती. कधी पत्ता नीट वाचला नाही, कधी विचारलं नाही.

"तुमच्याच घरचं बीज हाय हे," मंदाबाई म्हणाल्या. "माहेराहून आनलं होतं त्यायनं, रुमालात बांधून."

हे मला नवीन होतं. आमच्या आईच्या परड्यात पांढरी वांगी असायची, ती मी लहानपणी खाल्ली आहेत. पुढे घर गेलं, परडं गेलं, बी गेलं. मी त्याची कधी आठवणही काढली नव्हती आणि इथं परक्या गावात वीस बायकांनी ते जपलं होतं. मला लाज वाटली.

"माणूस गेला तर काय करता?" मी हळूच विचारलं.

"कापड उतरवतो अन् त्याच वाफ्यात पुरतो. सुती असते, माती होऊन जाते. मंग बीजाले दुसऱ्याचं नाव." त्यांनी साडीकडे पाहिलं. "पावसाळ्यापासून खबर नाई. आमाले वाटलं, गेल्या असतीन. ह्या रविवारी उतरवनार होतो."

"नका उतरवू!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की पलीकडच्या वाफ्यातल्या बाईनं मान वर केली.

मंदाबाई माझ्याकडे रोखून पाहत राहिल्या. "भाऊ, आमी भूतखेत मानत नाई. उपासतापास नाई, अंगारेधुपारे नाई. ही आमची कामाची रीत हाय. कापड उतरवल्यानं कोनी मरत नाई."

मला ते पटत होतं. मी पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला, हिशोबी डोक्याचा माणूस आहे. पण वारा आला की ते सूत ताणलं जाई. इथं उतरवली आणि तिकडे ती गेली तर, एवढा एकच विचार डोक्यात ठाण मांडून बसला होता.

सक्करदरा, बुधवार

मग मी गाढवपणा केला. आदल्या संध्याकाळीच बाजारात जाऊन मोरपंखी साडी घेतली, घडी मोडली, चुरगाळली, लॉजच्या खोलीत तिच्यावर उशी ठेवून बसलो आणि सकाळी बागेत जाऊन म्हणालो, "ताईनं दिलेली साडी पिशवीत तळाशी राहिली होती."

मंदाबाईंनी ती नाकाशी नेली. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साडी घडी घालून परत हातात दिली.

"दुकानाचा वास येऊन राह्यला, भाऊ. याले पाखरूबी भेनार नाई." मग आवाज खाली आणून, "किती बिमार हायेत?"

मी वाफ्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर त्यांनी पाच वांगी तोडली, अंड्यांसारखी पांढरी, देठाला काटे. सहावं पिकून पिवळं झालेलं, बियांसाठी.

"गॅसवर नका भाजू. तुरीच्या काड्यायवर भाजा. कच्चं तेल, हिरवा कांदा, मिरची, अन् सांबार भरपूर. आमच्या हातचं समजून द्या त्यायले." फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "पंधरा दिस थांबतो. पन कापड त्यायच्या अंगचं पाह्यजे. अन् भाऊ, बीज तुमी नेऊन राह्यले, हे ध्यानात ठेवा."

रस्त्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं. वारा पडला होता, तरी साडी माझ्या बाजूला वळलेली होती. आधीच्या झुळकेनं वळली असेल. मी पुन्हा पाहिलं नाही.

सांगली

तुरीच्या काड्यांसाठी बायकोनं अर्धी गल्ली पालथी घातली. परसात वांगी भाजली आणि धुराचा वास आतल्या खोलीत गेला. मी ताट घेऊन गेलो तेव्हा ताईनं भिंतीकडचं तोंड इकडे केलं होतं. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात धरला. मग दुसरा घेतला. चौथ्या घासाला म्हणाली, "मीठ कमी." माझ्या बायकोला रडू फुटलं, ती मीठ आणायला म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

"मंदा भेटली?" ताईनं विचारलं.

"भेटल्या."

"काय म्हणाली माझ्याबद्दल?"

मी ठरवून आलो होतो, काही सांगायचं नाही. पण ताईपुढे माझं खोटं कधी टिकलेलं नाही. विरलेली साडी, रविवार, पंधरा दिवस, सगळं ओकलो. दुकानातली साडी सुद्धा.

"नवी कोरी दिलीस तिला?" ताई उठून बसली. "बाळू, अक्कल गहाण टाकलीस का? वीस वर्षं ओळखते ती मला. काय वाटलं असेल तिला?"

"मग काय करणार होतो? तू इथं..."

"मी इथं काय? मेले होते?"

 ताईनं पाय खाली सोडले. मी हात द्यायला पुढे झालो, तो तिनं झटकला. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत ती कपाटापर्यंत गेली. महिन्याभरात पहिल्यांदा. दार उघडून एकेक साडी काढून हुंगू लागली. "ही धुतलेली. ही धुतलेली. सगळ्या धुऊन ठेवल्यात तुम्ही, माझं काही शिल्लक ठेवलंत का?" शेवटी तिनं एक आमसुली इरकल काढली आणि म्हणाली, "पाणी तापवा. आंघोळ करून ही नेसते. पाच-सहा दिवस अंगावर राहू दे, कामाधामाची. मग पाठव."

तसे पाच-सहा दिवस ती आमसुली साडी आमच्या घरात फिरत होती. आधी पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग परसापर्यंत, मग स्वयंपाकघरात. उरलेल्या वांग्यांचं भरीत तिनं स्वतः केलं आणि घामेजली. साडीला वास लागावा म्हणून करते, असं ती म्हणायची. जेवायचीही त्याच नावाखाली, "अंगात काही असेल तर कापडात उतरेल." आम्ही हो ला हो म्हणत ताटात वाढत राहिलो. सातव्या दिवशी मी पुडकं बांधलं. या वेळी पत्ता दोनदा वाचला.

पिवळ्या वांग्याचं बी ताईनं धुऊन, राखेत घोळवून, वर्तमानपत्रावर वाळवलं. ते मी गच्चीवर एका जुन्या टबात टाकलं. परवा कोंब वर आले. पेरभर रोपं, देठाला आताच लव. ताई जिना चढून पाहून गेली आणि तिनं मंदाबाईंना फोन करून कळवलंही.

काल मंदाबाईंनी फोनवर फोटो पाठवला. आमसुली साडी वाफ्यात उभी, धुकं तसंच. शेजारच्या मोकळ्या वाफ्यात पाइपाच्या तुकड्यात एक नुसती काठी उभी केलेली, आडव्या दांडीसकट, कापड नसलेली. सोबत त्यांचा आवाज होता. "भाऊ, सुमनबाई आल्या, बरं वाटलं. जुनं कापड पुरलं वाफ्यात. तुमचं बीज रुजलं म्हंतात, मंग आता तुमीबी बीजवाले झाले. काठी रोवून ठेवली हाय, तुमच्या मापाची."

मी तो फोटो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला. काठी खरोखर माझ्या उंचीची होती आणि तिची आडवी दांडी कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, वळलेली होती. ताईला दाखवला. ती म्हणाली, "मग? वाट बघायला लावू नकोस तिला."

आज सकाळी गच्चीवर टबाला पाणी घालून, माती भुसभुशीत करून खाली आलो. निळ्या चौकटीचा सदरा घामानं भिजला होता. तो काढून धुवायच्या बादलीत टाकायला निघालो आणि बादलीपाशी थांबलो. सदरा घडी करून कपाटात ठेवला.